ट्रिमचं चाक जड झालंय?

सोनेगाव विमानतळावर नागपूर फ्लाइंग क्लब आहे, स्थापना १९४७ची. क्लबच्या ताफ्यातलं सेस्ना १५२ हे दोन आसनी विमान १९८५नंतर बनलंच नाही. म्हणजे आज उडणारं प्रत्येक १५२ चाळिशी गाठलेलं.

या जुन्या विमानांत दोन आसनांच्या मधे, पॅनलखाली ट्रिमचं चाक असतं. पुढे फिरवलं की नाक खाली, मागे फिरवलं की वर. चेन आणि पोलादी केबल ही हालचाल शेपटीपर्यंत नेतात. तिथला स्क्रू-जॅक उजव्या एलेव्हेटरवरची छोटी पट्टी हलवतो. चाक जड लागलं तर आधी जॅकमधलं सुकलेलं ग्रीस आणि केबलचा ताण बघावा. पट्टी हाताने हलकेच हलवून पाहावी. ढिली असेल तर वेगात फडफडू शकते. हे दुखणं अंगावर काढू नये.

सगळ्यात फसवी चूक मात्र दुरुस्तीनंतरची: केबल उलट्या जोडल्या जाणं. ‘नाक वर’ ट्रिम दिल्यावर पट्टी खाली गेली पाहिजे. उलटं वाटतं, पण बरोबर तेच. वैमानिकाने तपासावं जरूर. पाना मात्र डीजीसीए परवानाधारक इंजिनिअरच्याच हाती द्यावा.