लाल स्टिकर गावाकडे, बाई फडात!

१ जानेवारीला आपण भीमा कोरेगावला मानवंदनेसाठी जातो. नेमक्या त्याच दिवसांत शिरूर-दौंडच्या उसाच्या फडात बीडकडून आलेली आपली गर्भवती भगिनी डोक्यावर मोळी वाहत असते.

हिमोग्लोबिन ७ च्या खाली, रक्तदाब १४०/९० च्या वर, आधीचे सिझेरियन. अशी गर्भवती जोखमीची. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात तिची मोफत तपासणी होते, कार्डावर लाल स्टिकर लागतो. योजना चांगलीच आहे. पण नाव गावच्या आशाताईच्या यादीत आणि बाई फडात! वाढलेला रक्तदाब आधी कळत नाही. डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते, मग झटके. आईही जाते, मूलही. वाचलेच तर पुष्कळदा अपुऱ्या दिवसांचे. तपासणीला जावे तर खाडा पडतो!

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी सांगितले होते की, हा भार मुख्यतः सरकारने उचलावा. पण बाईच्या श्रमाचा फायदा घेणारा मालकही सुटता कामा नये. १९२९ ला कायदा झाला, तो कारखान्यातल्या बाईसाठी. ऊसतोडणीवालीचा मालक कोण? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादमाच्या हिशेबात तर ती अर्धा कोयता!

गळीत सुरू होताच कारखान्यांनी फडावरच्या गर्भवतींची यादी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना दिलीच पाहिजे. ९ तारखेचा खाडा माफ झाला पाहिजे. आणि कार्यकर्त्यांनो, मानवंदनेहून परतताना एका तरी कोपीपाशी थांबा, कार्ड बघा. ९ तारखेला आठच दिवस उरलेले असतात.