थंडी सोसणारे टी प्लांट : परसबागेतील लागवड आणि हाताने संकर

लाल, गुलाबी, जांभळट पानांचे टी प्लांट परसबागेत, कुंपणाकडेला आणि कुंडीत मोठ्या प्रमाणावर लावले जातात. मात्र हे मूळचे उष्ण, दमट प्रदेशातील झाड आहे. तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली गेले, की पानांचे शेंडे करपतात आणि दोन-तीन थंड रात्रींत वर्षभराची वाढ वाया जाते. वाणाची योग्य निवड, थंडीतील काळजी आणि हाताने परागीभवन यांच्या साहाय्याने आपल्या बागेतील थंडीत टिकणारी रोपे तयार करता येतात.

झाडाची ओळख

टी प्लांटचे शास्त्रीय नाव कॉर्डिलाइन फ्रुटिकोसा. शतावरी ज्या कुळात येते, त्याच कुळातील हे झाड आहे. ‘टी’ हे नाव पॉलिनेशियन भाषांतील ‘ती’ या शब्दावरून आले. चहाशी त्याचा संबंध नाही. हवाई बेटांवर त्याला ‘की’ म्हणतात. पॉलिनेशियन दर्यावर्दी लोकांनी खोडाचे तुकडे होड्यांतून बेटोबेटी नेले. हवाईत पानांत गुंडाळून अन्न शिजवतात, पानांचे हार करतात आणि घराभोवती हे झाड लावणे शुभ मानतात.

संकरासाठी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हवाईतील पूर्वापार हिरवा प्रकार बी धरत नाही, त्याची वाढ खोडाच्या तुकड्यांवरूनच होते. रंगीत पानांचे प्रकार तेथे नंतर बाहेरून आले आणि त्यांपैकी अनेक बी धरतात. त्यामुळे घरच्या संकराची सुरुवात रंगीत, बी धरणाऱ्या झाडांपासून करावी.

कॉर्डिलाइन की ड्रेसीना?

आपल्याकडे रोपवाटिकांत कॉर्डिलाइन अनेकदा ड्रेसीना म्हणून विकले जाते. हे दोन वेगळे वंश आहेत, त्यांची संकरासाठी जोडी जमत नाही. ओळख न पटवता परागीभवन केल्यास फुलांचा पूर्ण हंगाम वाया जातो. कुंडी बदलताना मुळे पाहावीत. कॉर्डिलाइनची मुळे पांढरी असतात, तर ड्रेसीनाची पिवळसर ते नारिंगी. कॉर्डिलाइनला जमिनीखाली जाड, पांढरट कंदासारखे खोडही असते.

थंडीचा परिणाम कसा होतो?

- साधारण १८ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात वाढ चांगली होते.
- १० अंशांखाली वाढ थांबते, शेंडे तपकिरी होतात, पानांवर डाग पडतात.
- तापमान शून्याजवळ गेल्यास पानांतील पेशी फुटतात. पाने आधी पाणचट, नंतर काळी पडतात. खोडही मऊ होऊ शकते.
- माती गोठली नाही, तर जमिनीखालील खोड जिवंत राहते आणि ऊब वाढताच नवे फुटवे येतात. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या उत्तर भागातील बागांत असे दिसते. हिवाळ्यात वरचा भाग मरतो आणि वसंतात झाड पुन्हा फुटते.

म्हणून ‘थंडी सोसणारे’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, थंडीतही पाने टिकवणारे झाड. दुसरा, पाने गमावूनही मुळापासून फुटणारे झाड. शोभेसाठी पहिला गुण हवा, झाड वाचण्यासाठी दुसरा. निवड करताना दोन्ही गुणांची नोंद वेगळी ठेवावी.

कोकण आणि गोव्यात थंडीची अडचण फारशी येत नाही. नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसर, महाबळेश्वरचा वेण्णा तलाव परिसर अशा ठिकाणी मात्र हिवाळ्यात काही रात्री पारा खूप खाली जातो. तेथे, तसेच उत्तर भारतात किंवा परदेशातील थंड भागात राहणाऱ्यांनी पुढील काळजी घ्यावी.

वाण आणि प्रजातींची निवड

- गडद लाल, जांभळट आणि हिरव्या पानांचे जोमदार प्रकार थंड भागासाठी निवडावेत. ‘रेड सिस्टर’ हा जोमदार आणि सहज मिळणारा प्रकार आहे.
- पांढरे, पिवळे किंवा फिकट गुलाबी पट्टे असलेल्या प्रकारांत हरितद्रव्य कमी असते. त्यांची वाढ मंद असते आणि थंडीनंतर ते उशिरा सावरतात.
- न्यूझीलंडमधील कॉर्डिलाइन ऑस्ट्रॅलिस ही प्रजाती शून्याखालील काही अंश थंडी सोसते. माओरी भाषेत तिला ‘ती कोउका’ म्हणतात. तिची पाने अरुंद, तलवारीसारखी असतात.
- ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागातील कॉर्डिलाइन स्ट्रिक्टा ही अरुंद पानांची प्रजातीही फ्रुटिकोसापेक्षा जास्त थंडी सोसते.

न्यूझीलंडमध्ये ऑस्ट्रॅलिस आणि बँक्सी या प्रजातींचे संकर निसर्गातही आढळतात. मात्र ऑस्ट्रॅलिस आणि रंगीत फ्रुटिकोसा यांच्यात बी धरेलच, असे गृहीत धरू नये. नवशिक्यांनी फ्रुटिकोसाच्याच दोन जोमदार प्रकारांत संकर करावा.

जमीन, पाणी आणि खत

निचरा होणारी, सेंद्रिय पदार्थ भरपूर असलेली माती निवडावी. सामू ६ ते ६.५ असावा. कुंडीसाठी बागेची माती, कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट समप्रमाणात घेऊन त्यात थोडी जाड वाळू मिसळावी. सकाळचे ऊन आणि दुपारी विरळ सावली मिळेल अशी जागा द्यावी. उजेड कमी पडल्यास रंग फिका होतो.

हे झाड फ्लोराइडला संवेदनशील आहे. फ्लोराइड जास्त झाल्यास शेंडे आणि कडा करपतात. हे लक्षण थंडीच्या इजेसारखे दिसते, त्यामुळे निदान चुकते. उन्हाळ्यातही शेंडे करपत असतील, तर पाणी तपासून घ्यावे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. तेथे साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये फ्लोराइडचा अंश असतो, म्हणून ते टाळावे. सामू फार आम्ल असल्यास फ्लोराइडचे शोषण वाढते.

थंडीतील काळजी

१. थंडी सुरू होण्यापूर्वी महिनाभर नत्रयुक्त खत बंद करावे. कोवळी फूट थंडीत आधी मरते.
२. बुंध्याभोवती वाळलेला पालापाचोळा किंवा भाताचा पेंढा १० ते १५ सेंमी जाडीने पसरावा. तो खोडाला चिकटू देऊ नये.
३. कडाक्याच्या थंडीचा अंदाज असल्यास संध्याकाळी झाडावर जुनी चादर किंवा गोणपाट टाकावे आणि सकाळी ऊन आल्यावर काढावे. प्लॅस्टिक पानांना टेकू देऊ नये.
४. कुंड्या दक्षिण किंवा पश्चिमेच्या भिंतीलगत ठेवाव्यात. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते.
५. थंडीत पाणी कमी द्यावे. थंड, चिखलट मातीत खोड कुजते.
६. करपलेला भाग लगेच छाटू नये. थंडी पूर्ण ओसरल्यावर खोड नखाने खरवडून पाहावे आणि हिरवा भाग लागेपर्यंत छाटावे.

हाताने परागीभवन

जून झालेल्या झाडाच्या शेंड्यावर फांद्यांचा फुलोरा येतो. फुले लहान, फिकट जांभळी ते पांढरट असतात. प्रत्येक फुलात सहा पाकळ्या, सहा पुंकेसर आणि मध्ये एक स्त्रीकेसर असतो. सर्व फुले एकदम उमलत नाहीत, त्यामुळे कामाला बरेच दिवस मिळतात.

१. मादी म्हणून थंडीत उत्तम टिकलेले आणि बी धरणारे झाड निवडावे. नर झाड रंगासाठी निवडले तरी चालते, मात्र तेही निरोगी असावे.
२. मादी झाडावर आधीच उमललेली फुले आणि धरलेली फळे काढून टाकावीत.
३. दुसऱ्या दिवशी उमलतील अशा टपोऱ्या १५ ते २० कळ्या निवडाव्यात. बारीक चिमट्याने पाकळ्या हळूच उघडून सहाही पुंकेसर काढावेत. परागकोष फुटलेला दिसल्यास ती कळी सोडून द्यावी.
४. फुलोऱ्याच्या त्या फांदीवर बारीक जाळीची कापडी पिशवी बांधावी, म्हणजे मधमाश्या व मुंग्या पराग आणणार नाहीत.
५. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाच्या नुकत्या उमललेल्या फुलातील पराग मऊ कुंचल्याने घेऊन कुक्षीवर लावावा. पुढच्या दिवशी पुन्हा एकदा लावावा.
६. पिशवी पुन्हा बांधून चिठ्ठी लावावी. चिठ्ठीवर मादीचे नाव, नराचे नाव आणि तारीख लिहावी.
७. काही कळ्यांचे पुंकेसर काढून, पराग न लावता त्या तशाच झाकून ठेवाव्यात. त्यांतही फळे धरली, तर पराग बाहेरून शिरला असे समजावे.

बी ते रोप

फळ पूर्ण लाल आणि मऊ झाल्यावर तोडावे. गर धुऊन काळे, चकचकीत बी वेगळे करावे. बी फार काळ साठवू नये. कोकोपीट आणि वाळूच्या मिश्रणात अर्धा सेंमी खोल पेरावे. २५ ते ३० अंश ऊब आणि ओलावा कायम ठेवावा. उगवण एकसारखी होत नाही, म्हणून ट्रे लवकर रिकामा करू नये. रोपे चार-पाच पानांची झाल्यावर छोट्या पिशव्यांत लावावीत.

बियांपासून आलेले प्रत्येक रोप वेगळे असते. सुरुवातीच्या पानांवरून रंगाचा निर्णय घेऊ नये, कारण खरा रंग नंतर दिसतो. पांढरे-पिवळे पट्टे बियांतून हमखास उतरत नाहीत.

थंडीत टिकणाऱ्या रोपांची निवड

एकाच हिवाळ्यावरून निष्कर्ष काढू नये, किमान दोन हिवाळे पाहावेत. सर्व रोपे एकाच प्रकारच्या जागेत लावावीत, नाहीतर भिंतीच्या उबेचा फायदा वाणाचा गुण समजला जातो. सर्वांत कमी तापमान, करपलेल्या पानांची संख्या आणि नवी फूट येण्याची तारीख वहीत लिहावी. आवडलेल्या रोपाची उघड्यावर चाचणी घेण्यापूर्वी शेंड्याचे छाट कलम करून एक रोप आडोशाला ठेवावे. ते एकमेव रोप थंडीत गेले, तर तो संकर पुन्हा तसाच मिळत नाही.

निवडलेल्या रोपाची वाढ बियांपासून करू नये. खोडाचे ५ ते १० सेंमीचे तुकडे ओलसर वाळूत आडवे लावावेत किंवा गुटी कलम करावे. त्यामुळे मूळ गुण जसेच्या तसे राहतात.

कीड, रोग आणि खबरदारी

पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि कोळी यांचा प्रादुर्भाव पानांच्या बेचक्यांत दिसतो. सुरुवातीला ओल्या कापडाने पुसून ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी. पानांवरील डाग टाळण्यासाठी पाणी बुंध्याशी द्यावे आणि डाग पडलेली पाने नष्ट करावीत. या झाडात सॅपोनिन घटक असल्याने पाने चघळल्यास कुत्र्या-मांजरांना उलट्या होतात. पाळीव प्राणी असलेल्या घरी रोपांचे ट्रे उंचावर ठेवावेत.