वैद्याची शिफारस आणि निर्मात्याचे मानधन

निफाड तालुक्यातील एक द्राक्षबागायतदार गेल्या वर्षी आमच्या चिकित्सालयात आले. प्रमेहाचे जुने रुग्ण. पिशवीतून एका रसाच्या दोन बाटल्या काढून त्यांनी टेबलावर ठेवल्या आणि मोबाइलवरील एक चित्रफीत दाखविली. आपल्यापैकीच एक पदवीधर वैद्य ओघवत्या मराठीत प्रमेहाची संप्राप्ती समजावून देत होते. विवेचन शास्त्रशुद्ध होते. पहिली काही मिनिटे मीही रस घेऊन ऐकली. अखेरीस मात्र त्या विशिष्ट रसाचे नाव आले, खाली खरेदीचा दुवा आला आणि कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत एक शब्द क्षणभर झळकून गेला. त्या शब्दाचा अर्थ ‘प्रायोजित’ असा होतो, हे आमच्या रुग्णास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तीन आठवडे त्यांनी नेहमीच्या गोळ्या बंद ठेवल्या होत्या. “अहो, वैद्यच सांगत होते की,” एवढेच त्यांचे म्हणणे.

या तक्रारीला कायद्यात उत्तर आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची शिफारस करणाऱ्यास दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी निर्माता आणि शिफारसकर्ता यांच्यातील आर्थिक संबंध उघड करणे बंधनकारक केले. जानेवारी २०२३ मध्ये त्याचा खुलासा झाला: केवळ रोख मानधन नव्हे, तर फुकट मिळालेला माल, प्रवास, निवास, पुरस्कार, हे सारे या संबंधात मोडते, आणि ही कबुली शिफारशीच्याच भाषेत हवी. मराठीत बोलायचे आणि इंग्रजीत कबुली द्यायची, ही पळवाट तेव्हाच बंद झालेली आहे.

मुंबई उच्च न्यायालयातील ‘मॅरिको विरुद्ध अभिजित भन्साळी’ हा खटला आपण सर्वांनी अभ्यासावा असा आहे. विषयही आपल्या ओळखीचाच, खोबरेल तेल. एका चित्रफीतकाराने २०१८ मध्ये एका प्रसिद्ध तेलाच्या शुद्धतेविषयी शंका घेतली. त्याच वेळी अन्य तेलांच्या खरेदीचे दुवेही दिले. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने चित्रफीत काढावयास सांगताना असे मत मांडले की, ज्याच्या शब्दावर मोठा समुदाय विश्वास ठेवतो त्याची जबाबदारी सामान्य माणसाहून अधिक असते. पुढे अपिलात काही बदलांच्या अटीवर चित्रफितीस मुभा मिळाली, हेही नमूद केले पाहिजे. टीका करण्याचा हक्क कोणी नाकारलेला नाही. परंतु तो गृहस्थ वैद्य नव्हता. आपल्या नावामागे तर पदवी असते, आणि ऐकणारा त्या पदवीकडे पाहूनच बाटली विकत घेतो.

येथे १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याचे स्मरण होते. मधुमेह, स्थौल्य, हृद्रोग आदी व्याधी बरे करण्याच्या जाहिरातीस त्यात मनाई आहे. मात्र प्रामाणिक शास्त्रीय भूमिकेतून लिहिलेल्या ग्रंथास सूट आहे. आपले काही बंधू ‘आम्ही शास्त्रच सांगतो’ असे म्हणतात ते या सवलतीच्या आधारे. पण ज्या विवेचनाचा शेवट कोणत्या बाटलीपाशी व्हायचा हे मानधनाने आधीच ठरविले आहे, त्यास प्रामाणिक शास्त्रीय भूमिका म्हणावे काय? माझ्या मते नाही, भले त्यातील प्रत्येक वाक्य संहितेला धरून असो.

शिवाय आपल्या चिकित्सेची रीतच वेगळी आहे. प्रकृती, अग्नी, वय, काल पाहिल्याविना आपण साधे त्रिफळाचूर्ण तरी देतो का? मात्रा आणि अनुपान रुग्णागणिक बदलते. हजारो अदृष्ट श्रोत्यांना एकच रस, एकच मात्रा सांगणारा वैद्य स्वशास्त्रालाच बाजूस सारतो. वैद्यकाचा बाजार मांडणाऱ्यांविषयी चरकाचार्यांनी चिकित्सास्थानातील रसायनाध्यायात किती कठोर लिहिले आहे, ते मुळातूनच वाचावे.

अर्थात दोष सारा तरुण पिढीच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. मोबाइल येण्यापूर्वी आपण काय करीत होतो? वृत्तपत्रातील आरोग्यसदरात एका फार्मसीच्या अवलेहाचे नाव सहज यावे, यासाठी सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एक प्रतिनिधी माझ्याकडे पाकीट घेऊन आला होता. पाकीट मी परत केले. पण त्याच फार्मसीने दिलेले नमुने ठेवून घेतले होते, आणि पुढील महिनाभर तोच अवलेह माझ्या लेखणीतून अधिक उतरला, हे केसपेपर चाळताना ध्यानात आले. आपल्या संमेलनांचे भोजन आणि स्मरणिकांची मागील पृष्ठे कोणाच्या खर्चाने होतात, हेही सर्वांस विदित आहेच. नव्याने पदवी घेऊन नाशिकरोड वा सिडकोत दवाखान्याचे भाडे भरणाऱ्या वैद्यास महिन्याकाठी येणारी रक्कम मोहात पाडते, यात नवल नाही. मानधन घेऊच नये, असा माझा आग्रह नाही. व्याख्यानाचे, लेखनाचे मोल असतेच. ते कोणी दिले, हे प्रारंभीच, ठळक मराठीत सांगावे, आणि व्याधीचे नाव घेऊन विशिष्ट उत्पादन मुळीच सुचवू नये.

संघाच्या आगामी बैठकीत मी असा ठराव मांडणार आहे की, या त्रैमासिकातील प्रत्येक लेखाखाली लेखकाने आपला आर्थिक संबंध एका ओळीत नोंदवावा. आरंभ स्वतःपासून करतो: प्रस्तुत लेखासाठी कोणाकडूनही मोबदला घेतलेला नाही, मागील वर्षी एका चर्चासत्राचा प्रवासखर्च व दोन रात्रींचा निवास एका औषधनिर्मात्याने केला होता.