आवाज लहान होतो, ताल सुटतो

'प-त-क, प-त-क, प-त-क' असं एका दमात, जमेल तितकं भराभर म्हणून पाहा. ओठ, जिभेचं टोक आणि जिभेची मागची बाजू आळीपाळीनं, सारख्या अंतरानं काम करतात. कंपवात म्हणजे पार्किन्सन झालेल्या अनेकांचं सुरुवातीला बरं चालतं. मग अक्षरं एकमेकांवर चढतात, 'प'ला ओठ पुरते मिटत नाहीत आणि शेवटी नुसती पुटपुट उरते. वाचा-उपचारतज्ज्ञ हीच चाचणी घेतात.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला. तेव्हापासून लोकांच्या डोक्यात बसला तो थरथरणारा हात. बोलणं मागंच राहिलं. खरं तर बहुतेक रुग्णांच्या बोलण्यात कधी ना कधी फरक पडतोच. मेंदूत खोलवर डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात आणि सवयीच्या हालचालींचं माप बिघडतं. पावलं आखूड पडतात, सही बारीक होते, आवाज लहान होतो. प्रश्न आणि उत्तर एकाच पट्टीत येतं. भलत्याच जागी थांबा, मग शब्दांचा लोंढा.

यवतमाळकडची वऱ्हाडी हेल काढून बोलायची बोली. तिच्यातला हेल गेला की घरच्यांना वाटतं, म्हातारा रुसला. "बाबा, जोरानं बोला ना!" "मी त जोरानंच बोलून राह्यलो!" बाबा खोटं बोलत नसतात. स्वतःचा आवाज मोजण्याची त्यांची आतली मोजपट्टीच आखूड झालेली असते. सर्वांना नीट ऐकू जाईल इतका आवाज काढला तरी त्यांना आपण ओरडतोय असं वाटतं. म्हणून दटावण्याचा परिणाम एखाद-दुसऱ्या वाक्यापुरता टिकतो.

अमेरिकेत १९८०च्या दशकात लॉरेन रेमिग यांनी नेमकी ही मोजपट्टी सुधारणारी पद्धत बसवली. आठवड्यातून ४ दिवस, ४ आठवडे, रोज तासभर. आणि सूचना एकच, मोठ्यानं. लांब 'आ' लावायचा, रोजची वाक्यं मोठ्यानं म्हणायची. आवाज मोठा केला की उच्चारही बरेचदा आपोआप सुधारतात. पुढं घरी सराव चालू ठेवावा लागतो, हे मात्र कुणी टाळू नये.

गोळ्यांचं काय? लेव्होडोपानं हातपाय सुटतात, बोलण्यावर मात्र तिचा तितका भरवसा नाही. हेच द्रव्य खाजकुइलीच्या बियांत असतं. म्हणून कुणी त्या बिया कुटून खाऊ नयेत. एका बीत किती औषध गेलं याचा हिशेब लागत नाही, आणि चालू गोळ्यांत त्याची भर पडते ती वेगळीच.

बाहेरून ठेका मिळाला की अडखळणारी पावलं सुधारतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. बोलण्याबाबत पुरावा त्यामानानं तोकडा आहे. तरी गावात खंजिरी भजन होत असेल तर कंपवाताच्या माणसाला घरी बसवून ठेवू नका. ते उपचाराची जागा घेणार नाही, पण तासभर खुल्या गळ्यानं, चारचौघांत म्हणणं होतं.

घरातल्या कुणाचा आवाज काही महिन्यांत बारीक झाला असेल, फोनवर लोक सारखं "काय म्हणता?" विचारत असतील, तर वयावर ढकलू नका. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा, आणि पार्किन्सनचं निदान झालं तर पहिल्याच भेटीत वाचा-उपचाराबद्दल विचारा. बोलणं पार बिघडेपर्यंत थांबू नका.