डीझेलची मोटार सुरू होत नाहीं तेव्हां



मोटार ही आतां केवळ चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. मध्यरात्रीं घरांतील वडील माणसास दवाखान्यांत न्यावयाचें असो, कीं पहांटेची आगगाडी गांठावयाची असो, शहरांतील कुटुंबाची भिस्त पुष्कळदां दारांत उभ्या असलेल्या गाडीवर असते. अशा वेळीं किल्ली फिरवावी आणि गाडीनें मौन धरावें, म्हणजे घरांत एकच तारांबळ उडते. तीच किल्ली दहा वेळां फिरविली जाते, शेजारीपाजारी गाडी ढकलावयास धांवतात, आणि जो दोष शांतपणें पाहिला असतां दहा मिनिटांत सांपडला असता, त्याच्या जोडीस दुसरे दोन दोष उत्पन्न होतात. म्हणून डीझेलवर चालणारी मोटार सुरू न झाल्यास विचार कोणत्या क्रमानें करावा, हें आज सांगावयाचें योजिलें आहे. मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नव्हे. माझा जन्म शाळेंत मुलांना शिकविण्यांत गेला. परंतु गणित अडलें कीं पाटीवरचे आंकडे खोडीत बसूं नये, पहिल्या पायरीवर परत जावें, हा वर्गांतला नियम येथेंहि तंतोतंत लागू पडतो.

तर पहिली पायरी अशी. पेट्रोलच्या इंजिनांत इंधन आणि हवा यांचें मिश्रण विजेच्या ठिणगीनें पेटविलें जातें. डीझेलच्या इंजिनांत ठिणगी नाहींच. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें खालचें टोंक हातास गरम लागतें, हा अनुभव लहान मुलांसहि असतो. हवा जोरानें दाबली कीं ती तापते. रुडॉल्फ डीझेल या जर्मन यंत्रज्ञानें १८९७ सालीं ऑग्सबुर्ग येथें जें इंजिन यशस्वी करून दाखविलें, तें याच तत्त्वावर. सिलिंडरांत शिरलेली हवा दट्ट्या इतकी दाबतो कीं, ती मूळ आकारमानाच्या सुमारें सोळाव्या ते बाविसाव्या हिश्शांत कोंबली जाते. तिचें उष्णतामान ५०० अंश सेंटिग्रेडच्या वर चढतें, आणि त्या तप्त हवेंत तेलाचा बारीक फवारा उडतांच तो आपोआप पेट घेतो. १९३६ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत मर्सिडीझ-बेंझची डीझेल मोटार लोकांपुढें आली, त्यास आतां नव्वद वर्षें होत आलीं. पण हें मूळ तत्त्व तिळमात्र बदललेलें नाहीं.

यावरून सुरू होण्यास काय काय लागतें तें सहज ध्यानांत येईल. इंजिन पुरेशा वेगानें फिरलें पाहिजे. आंतील हवेस ऊब असली पाहिजे. आणि तेल वेळेवर व स्वच्छ पोंचलें पाहिजे. वेग, ऊब आणि तेल या तीन शब्दांत साऱ्या शोधाचें सार आहे. नव्या गाड्यांत चौथी गोष्ट म्हणजे गाडीच्या संगणकाची परवानगी.

आतां शोधास आरंभ करूं. किल्ली फिरविल्यावर काय ऐकूं येतें? कांहींच आवाज नाहीं, अथवा नुसतें ‘टक्‌’ होतें, तर तेलाकडे पाहण्याचें कारणच नाहीं. दिवे लावून पुन्हां किल्ली फिरवावी. दिवे मंदावले किंवा विझले, तर बॅटरी दुबळी आहे, अथवा तिच्या टोंकांवरील पकडी सैल झाल्या आहेत, किंवा त्यांवर पांढरा-हिरवा क्षार चढला आहे. पकड हातानें हलवून पाहावी. एवढ्यानेंहि पुष्कळ गाड्या सुरू होतात. दिवे तेजस्वी राहिले आणि तरी हालचाल नाहीं, तर दोष सेल्फमध्यें किंवा त्याच्या तारांत आहे. मात्र तत्पूर्वीं क्लच पूर्ण दाबला आहे काय, आणि आपोआप गिअर बदलणारी गाडी असल्यास तिचा दांडा उभ्या राहण्याच्या खुणेवर असून ब्रेक दाबलेला आहे काय, हें पाहण्यास विसरूं नये.

दुसरा प्रकार असा कीं, इंजिन फिरतें पण कण्हत कण्हत फिरतें. पेट्रोलची गाडी अशाहि स्थितींत एखादे वेळीं सुरू होईल. डीझेलची होत नाहीं. दट्ट्या सावकाश वर आला, तर दाबलेल्या हवेंतील उष्णता थंड भिंतींत मुरते, कांहीं हवा फटींतून निसटते, आणि तेल पेटण्याइतकी ऊब उरतच नाहीं. शिवाय १९९७ नंतर मोटारींत आलेल्या नव्या पद्धतीप्रमाणें सर्व सिलिंडरांचें तेल एका सामाईक नळींत दाबून ठेवलेलें असतें; तेथील दाब वातावरणाच्या दोनतीनशें पटींपर्यंत चढल्याखेरीज संगणक तेल सोडीतच नाहीं. इंजिन मंद फिरलें म्हणजे पंपहि मंद, आणि दाबहि अपुरा. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी स्वस्थ असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. सेल्फ फिरत असतां ती साडेनऊच्या खालीं घसरली, तर ती निकामी होत चालली असें समजावें.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची मदत घ्यावयाची तर क्रम चुकवूं नये. तांबड्या तारेनें दोन्ही बॅटऱ्यांचीं धन टोंकें जोडावीं. काळ्या तारेचें एक टोंक चांगल्या बॅटरीच्या ऋण बाजूस लावावें, आणि शेवटचें टोंक आपल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूस, बॅटरीपासून दूर जोडावें. बॅटरींतून निघणारा हायड्रोजन वायु ज्वालाग्राही असतो. शेवटची ठिणगी त्याच्या जवळ पडूं नये, एवढाच यांतील हेतु.

तिसरा प्रकार सर्वांत विचार करावयास लावणारा. इंजिन झपाट्यानें फिरतें, परंतु पेट घेत नाहीं. येथें एका माणसास मागें उभें करून धुराच्या नळीकडे पाहावयास सांगावें. पांढरा किंवा करडा धूर येत असेल, तर तेल सिलिंडरांत पोंचत आहे, पण जळत नाहीं. म्हणजे ऊब कमी पडते. मुळींच धूर नसेल, तर बहुधा तेलच पोंचत नाहीं. या एका खुणेनें निम्मा शोध संपतो.

ऊब कमी असेल तर गॅरेजवाले ज्यांस हीटर प्लग म्हणतात त्यांजकडे वळावें. किल्ली पहिल्या खुणेवर आणतांच समोर वेटोळ्यासारखा पिंवळा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबावें. त्या अवधींत सिलिंडरांतील कांड्या तापून लाल होतात. घाईच्या माणसास हें थांबणें जड जातें. चारांपैकीं एक कांडी गेली, तर गाडी थंडींत धडधडत व धूर ओकीत सुरू होते. सर्वांचा प्रवाहच तुटला असेल, तर जुनी गाडी गारठ्याच्या पहांटे मुळींच दाद देत नाहीं. अशा वेळीं त्यांचा फ्यूज व रिले तपासवावा.

तेल पोंचत नसेल तर प्रथम टांकींत तें आहे काय हें पाहावें. चढावर उभ्या असलेल्या गाडीचा कांटा फसवितो. पेट्रोलची टांकी रिकामी झाली, तर पुन्हां भरली कीं भागतें. डीझेलचें तसें नाहीं. नळ्यांत हवा शिरते, हवा दाबली जाते, आणि तेल पुढें सरकत नाहीं. ज्या गाडींत फिल्टरजवळ हातपंप किंवा रबरी फुगा असतो, तेथें तो कठीण लागेपर्यंत दाबावा. ज्यांच्या टांकींत विजेचा पंप असतो, तेथें किल्ली तीनचार वेळां नुसती पहिल्या खुणेवर आणून थोडें थांबावें. फिल्टर तुंबला असेल तर बदलावा, आणि त्याच्या तळाशीं सांचलेलें पाणी वेळच्या वेळीं सोडावें. आपल्याकडील हवेंत डीझेल गोठत नाहीं. परंतु लडाखसारख्या प्रदेशांत त्यांतील मेण घट्ट होऊन फिल्टर बंद होतो. म्हणूनच २०१९ सालीं उणें ३३ अंशांपर्यंत वाहतें राहणारें डीझेल तिकडे देण्यास सुरुवात झाली.

तेलहि आहे, ऊबहि आहे, पण समोर किल्लीचें चित्र लुकलुकत आहे, तर संगणकानें किल्ली ओळखलेली नाहीं. दुसरी किल्ली वापरून पाहावी. ही चोरापासून संरक्षणाची योजना आहे. तिच्याशीं झगडून उपयोग नाहीं.

आतां काय करूं नये, तें सांगतों, कारण खरी हानि येथेंच होते. एका वेळीं दहापंधरा सेकंदांहून अधिक सेल्फ मारूं नये. मध्यें मिनिटभर विसांवा द्यावा, नाहीं तर सेल्फ जळतो. हीटर प्लग असलेल्या गाडींत ईथरचा फवारा कदापि मारूं नये. तप्त कांडीवर तो अवेळीं भडकून इंजिन फोडतो. डीझेलच्या टांकींत चुकून पेट्रोल पडल्यास किल्लीला हातच लावूं नये, आधीं टांकी उपसवावी. डीझेल हेंच पंपाचें वंगण आहे, पेट्रोलनें तो झिजतो. नव्या गाड्यांच्या दाबाच्या नळ्या स्वतः सैल करूं नयेत. तेथें दाब वातावरणाच्या हजारपटीहून अधिक असतो. सुईसारखी धार कातडीखालीं शिरते, जखम दिसते टांचणीएवढी, पण ताबडतोब शस्त्रक्रिया न झाल्यास बोट वा हात गमवावा लागतो.

आणि शेवटीं पावसाळ्याविषयीं. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईस सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, व असंख्य गाड्या पाण्यांत बुडाल्या. अशी गाडी पाणी ओसरतांच सुरू करूं पाहणें म्हणजे तिचा घात करणें होय. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. डीझेलच्या सिलिंडरांत दट्ट्यावरची जागा फारच थोडी. पेलाभर पाणीहि दट्ट्याचा दांडा वांकविण्यास पुरतें. बुडालेली गाडी ओढूनच न्यावी.

इतकें करूनहि गाडी सुरू न झाली, तर कारागिराकडे जाण्यांत कमीपणा नाहीं. मात्र त्याला ‘गाडी बंद आहे’ एवढेंच सांगूं नका. इंजिन फिरतें कीं नाहीं, वेगानें कीं मंद, धूर येतो कीं नाहीं, कोणता दिवा लागतो, शेवटचें तेल कोठें भरलें, हें क्रमानें सांगा. रोग्यानें लक्षणें नीट सांगितलीं कीं वैद्याचें निम्में काम होतें, आणि नको असलेल्या औषधांचा खर्चहि वांचतो. वेग, ऊब आणि तेल, हे तीन शब्द घरांतील प्रत्येकानें ध्यानांत ठेवले, तर अडचणीच्या रात्रीं निदान डोकें तरी ठिकाणावर राहील.