पुसल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणाची पुनर्प्राप्ती

जात्यावरच्या ओव्या, भुलाबाईची गाणी आणि पोळ्याच्या झडत्या ही वऱ्हाडी बोलीची संपत्ती होय. उंद्रीसारख्या चिखली तालुक्यातील गावी मुलांनी आपल्या आजीची ओवी शाळेच्या संगणकावर मुद्रित करावी, हा भाषाशिक्षणाचा उत्तम उपक्रम ठरतो. हेमा राईरकर व गी पॉइतव्हाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. त्या कार्याने या संपत्तीचे मोल सर्वांना दाखवून दिले. परंतु गिरणी आल्यापासून जाते मागे पडले आणि ओवी गाणाऱ्या वृद्धा दिवसेंदिवस थोड्या होत चालल्या आहेत. पुस्तक हरवले तर दुसरे आणता येते. दिवंगत आजीचा आवाज पुन्हा मुद्रित करता येत नाही. म्हणून मुद्रण चुकून पुसले गेल्यास काय करावे, याचे ज्ञान शिक्षकांस असणे अगत्याचे आहे.

प्रथम 'पुसणे' म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. दाखलखारीज नोंदवहीत विद्यार्थ्याचे नाव खारीज केले, तरी मूल त्याच क्षणी गावातून नाहीसे होत नाही. संगणकाची तबकडी, पेन ड्राइव्ह अथवा मेमरी कार्ड यांतही बहुधा तसेच घडते. फाइल पुसली असता तिच्या नोंदीवर रद्द झाल्याची खूण होते आणि तिची जागा मोकळी समजली जाते. मात्र त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मूळ ध्वनी तेथेच असतो. यावरून पहिला नियम निघतो : चूक लक्षात येताच त्या साधनावर नवे काहीही साठवू नये. दर सेकंदास ४४,१०० नमुने व प्रत्येक नमुन्यास २ बाइट या हिशेबाने एकपदरी मुद्रणाच्या एका मिनिटास सुमारे ५ मेगाबाइट जागा लागते. अर्ध्या तासाचे मुद्रण दीडशे मेगाबाइटच्या आसपास जाते. एखादी चित्रफीत उतरवून घेतली, तरी तेवढी जागा सहज व्यापली जाते.

यानंतरचे उपाय सोप्याकडून कठिणाकडे करीत जावे. 'ऑडॅसिटी' या विनामूल्य प्रणालीत ओवीचा भाग कापला गेल्यास 'कंट्रोल' व 'झेड' या कळा एकत्र दाबाव्या. मागील प्रत्येक कृती क्रमाने उलटविता येते. परंतु प्रकल्प बंद करताच ही सोय संपते. म्हणून घाबरून प्रणाली बंद करू नये. वीज जाऊन संगणक बंद पडला असेल, तर प्रणाली पुन्हा उघडताच न जतन केलेल्या प्रकल्पांची यादी पुढे येते. तेथे 'रिकव्हर' हा पर्याय निवडावा. 'डिस्कार्ड' निवडल्यास मुद्रण टाकून दिले जाते. 'रीपर'सारख्या प्रणालींत पडद्यावरील तुकडा पुसला तरी मूळ ध्वनिफाइल सामान्यतः प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये राहते. तेव्हा तो फोल्डर आधी पाहावा.

संपूर्ण फाइलच पुसली गेली असल्यास संगणकाची 'रीसायकल बिन' तपासावी. पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल मात्र तेथे जात नाही. अशा वेळी 'फोटोरेक' ही विनामूल्य प्रणाली उपयोगी पडते. नोंदवही नसताना चेहऱ्यावरून मुले ओळखावी, तशी ती फाइलच्या आरंभीच्या ठरावीक खुणांवरून ध्वनी शोधून काढते. तिला फाइलचे मूळ नाव ठाऊक नसते. सापडलेली प्रत्येक फाइल ऐकून ओळखावी लागते. सापडलेल्या फाइली दुसऱ्याच साधनावर उतरवाव्या, अन्यथा शोधाचे कामच उरलेला ध्वनी झाकून टाकील.

काही ठिकाणी मात्र या उपायांस मर्यादा आहेत. नव्या संगणकांतील एसएसडी तबकडी पुसलेली जागा पुष्कळदा आपण होऊन रिकामी करते. आधुनिक मोबाइलच्या अंतर्गत साठ्यात मजकूर सांकेतिक रूपात असल्यामुळे तेथील पुसलेली फाइल परत मिळणे जवळजवळ अशक्य असते. तेथे मुद्रण-अॅपची कचरापेटी असल्यास ती पाहावी. गूगल ड्राइव्हवर ठेवलेली प्रत पुसली असल्यास ती तेथील कचरापेटीत ३० दिवस राहते. ही मुदत उलटू देऊ नये.

शोधापेक्षा सावधगिरी स्वस्त पडते. मुद्रण संपताच प्रकल्प जतन करावा व 'वेव्ह' स्वरूपात एक प्रत काढावी. फाइलच्या नावात गाव, दिनांक व गीतप्रकार लिहावा. एक प्रत शाळेच्या संगणकावर, दुसरी पेन ड्राइव्हवर आणि तिसरी शाळेबाहेर ठेवावी. कापाकापी नेहमी प्रतीवर करावी, मूळ मुद्रणावर नव्हे. उतरविलेली प्रत आरंभापासून शेवटपर्यंत ऐकून पाहिल्याखेरीज मोबाइलवरील मुद्रण पुसू नये. ही कामे वरच्या वर्गातील मुलांकडून करून घेतल्यास ठेवा जपण्याची सवय त्यांच्याही अंगी बाणेल.