जपानमधील घटता जन्मदर आणि वेतन

जपानमधील जन्मदर दुसऱ्या महायुद्धानंतर झपाट्याने घटला. एकूण प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीला होणाऱ्या अपत्यांची सरासरी संख्या, १९४७ साली ४.५४ होता, दहा वर्षांत तो दोनच्या आसपास आला आणि २०२३ साली १.२० झाला. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी तो सुमारे २.१ असावा लागतो.

लाभाचा काळ

जन्म घटल्याचा पहिला परिणाम अनुकूल असतो. सांभाळावयाची मुले कमी होतात, बचत वाढते आणि आधी जन्मलेली मोठी पिढी कामाच्या वयात येते. यास लोकसंख्या लाभांश म्हणतात. १९४७ ते १९४९ दरम्यान जन्मलेली ‘दांकाई’ पिढी जपानच्या वेगवान औद्योगिक वाढीच्या काळातच कामाला लागली. अर्थात त्या वाढीचे सारे श्रेय लोकसंख्येला देता येत नाही. आयात तंत्रज्ञान व निर्यात यांचा वाटाही मोठा होता.

वेतनवाढ का झाली नाही

१५ ते ६४ वयोगटाची संख्या १९९५ च्या सुमारास ८.७ कोटींवर पोहोचून घटू लागली. कामगार दुर्मीळ झाले की वेतन वाढावे, असा सर्वसाधारण नियम आहे. चौदाव्या शतकातील महामारीनंतर इंग्लंडमध्ये तसे घडलेही, कारण माणसे घटली तरी जमीन तेवढीच राहिली. जपानमध्ये मात्र ग्राहकही घटत गेल्याने कंपन्यांनी परदेशात गुंतवणूक वाढवली. स्त्रिया व वृद्ध मोठ्या संख्येने कामावर आले, पण बहुधा अर्धवेळ किंवा कंत्राटी. अशा कामगारांचे प्रमाण १९९० मधील एक-पंचमांशावरून एक-तृतीयांशापलीकडे गेले. वास्तव वेतन १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जवळजवळ थिजून राहिले.

पिढ्यांवरील भार

१९५० साली प्रत्येक वृद्धामागे कामाच्या वयाच्या सुमारे बारा व्यक्ती होत्या. आता दोनच आहेत. त्यामुळे कर्मचारी निवृत्तिवेतनाची वर्गणी २०१७ पर्यंत वेतनाच्या १८.३ टक्के झाली (निम्मी मालकाकडून), तर १९८९ मध्ये ३ टक्के असलेला उपभोग कर २०१९ मध्ये १० टक्के झाला.

सर्वाधिक झळ बसली ती ‘दांकाई’ पिढीच्या अपत्यांना. १९९० च्या दशकातील मंदीत कंपन्यांनी जुन्या कर्मचाऱ्यांना सांभाळून नवी भरती आखडली. स्थिर नोकरी नसल्याने अनेकांचे विवाह लांबले किंवा झालेच नाहीत आणि अपेक्षित असलेली जन्मांची तिसरी लाट आलीच नाही. घटत्या जन्मदराचा वेतनावर परिणाम होतो, तसाच वेतनाचा जन्मदरावरही होतो, हे येथे स्पष्ट दिसते.

२०२४ च्या वसंतकालीन वेतन वाटाघाटींत सरासरी पाच टक्क्यांहून अधिक, म्हणजे तीन दशकांतील सर्वाधिक, वाढ मान्य झाली. महागाईमुळे त्या वर्षीही वास्तव वेतन किंचित घटलेच.